श्रद्धा आणि उत्क्रांती: देव मानणाऱ्यांना वारंवार पडणारे प्रश्न

बारावीच्या वर्गात, व्याख्यानांनंतर आणि फोनवर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण देव मानणारे असतात. कुणी वारकरी घरातलं, कुणी वसईकडचं ख्रिस्ती, कधी एखादे मुस्लिम पालक. मी जीवशास्त्र शिकवतो आणि घरी देवपूजाही करतो, दोन्ही मनापासून. त्यामुळे ही उत्तरं तटस्थ नाहीत, पण त्यातल्या विज्ञानात मी कुठेही सूट घेतलेली नाही.

थोडक्यात सांगा, देव मानून उत्क्रांती मान्य करता येते का?

येते, पण त्यासाठी काही गोष्टी सोडाव्या लागतात. प्रत्येक प्राणी आज दिसतो तसाच वेगवेगळा घडवला गेला, ही समजूत सोडावी लागते. ग्रंथांतले कालखंड म्हणजे पृथ्वीचा मोजलेला इतिहास, हीदेखील सोडावी लागते. या विश्वाला काही आधार आहे, प्रार्थनेला अर्थ आहे, माणसानं कसं वागावं याला मोल आहे, हे मात्र कोणताही जीवाश्म खोडून काढत नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. थिओडोसियस डोबझान्स्की हे विसाव्या शतकातले उत्क्रांतीचे फार मोठे अभ्यासक. उत्क्रांतीच्या प्रकाशात पाहिल्याशिवाय जीवशास्त्रात कशाचाच उलगडा होत नाही, हे त्यांचं १९७३ मधल्या लेखातलं म्हणणं आजही जगभर शिकवलं जातं. त्याच लेखात त्यांनी उत्क्रांती ही देवाची, किंवा निसर्गाची, निर्मितीची रीत आहे असं लिहिलं. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. मानवी जीनोम प्रकल्पाचं, म्हणजे माणसाची संपूर्ण जनुकीय माहिती वाचण्याच्या मोहिमेचं, नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स हेही श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत.

मला खरा धोका वेगळ्याच ठिकाणी दिसतो. ‘हे सगळं आमच्या ग्रंथांत आधीच होतं’ अशी घाईची दिलजमाई करण्यात. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी आहेत?

आज झाडावर दिसणाऱ्या माकडापासून माणूस झालेला नाही. तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ एकाच आजोबांची नातवंडं. तुम्ही जन्मलात म्हणून तो नाहीसा होत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होते. आपल्याकडच्या वानरांशी आणि लाल तोंडाच्या माकडांशी नातं त्याहून कितीतरी जुनं.

या नात्याची खूण आपल्या प्रत्येक पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. मग एक जोडी गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तेव्हा कळलं, की पूर्वीची दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळली आहेत. एरवी फक्त गुणसूत्राच्या टोकाशी असणारी डीएनएची ठरावीक अक्षरमाला इथे मध्येच सापडते, आणि निकामी झालेल्या दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाचे, अवशेषही सापडतात.

पण कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हाच मुद्दा मांडला होता. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, सबब डार्विनचा सिद्धांत चूक, असं ते म्हणाले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्रित निवेदन काढून ते विधान फेटाळलं.

सह्याद्री घडतानाही कुणी पाहिलेला नाही. तरी घाटातून जाताना कड्यावर लाव्हाचे थर एकावर एक दिसतात, आणि ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत हे किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून मोजता येतं. मुंबईत वरळीला याच काळातल्या थरांच्या मधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेन या इंग्रज जीवाश्म-अभ्यासकांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध व्हायला तेव्हा बारा वर्षं होती, आणि हेच ओवेन पुढे डार्विन यांचे कडवे टीकाकार झाले. हाडं गोळा करणारे लोक आधीच डार्विनच्या बाजूचे होते, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

आणखी एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो. जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटजवळ ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी खडक गोळा करून ठेवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते हान्स थेविसन या जीवाश्मतज्ज्ञांकडे अभ्यासाला आले. खडक साफ करताना एक कवटी चुकून तुटली आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली कड चांगली जाड होती. अशी कड तोवर फक्त देवमाशांच्या कानात माहीत होती. पण ही कवटी होती मांजराएवढ्या, खुरं असलेल्या, चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याची, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या. त्याचं नाव इंडोहायस. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. कच्छमध्ये तर आखूड पाय असलेल्या देवमाशांचेच जीवाश्म मिळाले आहेत. देवमासा जमिनीवरून पाण्यात गेला, याचे इतके ठसठशीत पुरावे आपल्याच देशात असताना ‘कुणी पाहिलंय’ हा प्रश्न फार काळ टिकत नाही.

दशावतार म्हणजे उत्क्रांतीच ना? आधी मासा, मग कासव, मग डुक्कर...

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. त्या अभिमानाला धक्का देताना मला वाईट वाटतं, पण द्यावा लागतो. ही तुलना जुनी आहे. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी ती १८८२ मध्येच मांडली होती, म्हणजे डार्विन हयात असताना. त्याआधीच्या कोणत्याही भाष्यकारानं, कीर्तनकारानं किंवा संतानं दशावतारातून प्राण्यांचा वंशवृक्ष काढल्याचं दिसत नाही. डार्विन वाचल्यावरच तो त्यात दिसू लागला.

आता कथाच नीट आठवा. मत्स्यावतारात मासा कुणाला वाचवतो? मनूला. म्हणजे मासा आला तेव्हा माणूस होताच. कूर्म येतो समुद्रमंथनात, तिथे देव आणि दानव दोर ओढत उभे असतात. नरसिंह खांबातून बाहेर पडतो तो प्रल्हादासाठी, आणि प्रल्हाद तर शाळेत जाणारा मुलगा. वामन, परशुराम, राम, कृष्ण हे तर सगळे माणूसच. शिवाय डुक्कर आणि सिंह माणसाचे पूर्वज नाहीत. उत्क्रांती ही शिडीसारखी पायरी पायरीनं माणसापर्यंत चढतही नाही, ती सगळ्या बाजूंनी फाकत जाते. नवव्या अवताराबद्दल तर परंपरेतच एकमत नाही. कुठे बुद्ध, कुठे बलराम, आणि आपल्याकडे कित्येक ठिकाणी विठ्ठल.

माझी तक्रार विज्ञानाच्या बाजूनं आहे त्याहून जास्त श्रद्धेच्या बाजूनं आहे. ‘ना आत ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, ना माणसाकडून ना पशूकडून’ या वरदानाची सगळी हुशारी ज्या कथेत मोडून पडते, तिला ‘पशू आणि माणूस यांच्यामधली अवस्था’ म्हणून टाकलं की प्रल्हाद कुठे उरला? सिंधुदुर्गात रात्र रात्र जागून दशावतारी नाटक पाहणाऱ्या माणसाला त्या कथेतून जे मिळतं, ते जीवशास्त्राच्या धड्यात मिळत नाही आणि मिळायची गरजही नाही.

ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. हा योगायोग कसा?

योगायोगच आहे. एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचं आणि अशी हजार महायुगं म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, असा तो हिशेब. हा आकडा गणितातून आला आहे, दगड मोजून नाही. पृथ्वीचं वय क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ मध्ये उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून काढलं. काळाची एवढी अफाट कल्पना करण्याची ताकद आपल्या पूर्वजांमध्ये होती, याचं मला मनापासून कौतुक आहे. युरोपात पृथ्वी सहा हजार वर्षांची मानली जात होती, तेव्हा आपल्याकडे कोटींची भाषा होती. या मोकळ्या मनाचा फायदा आपण घ्यावा. आकडा जुळवून दाखवायला गेलो, की उरलेले न जुळणारे आकडेही मान्य करावे लागतात. ते पुढच्या एका उत्तरात आहेत.

चौऱ्यांशी लक्ष योनी आणि शास्त्रज्ञ सांगतात त्या ८७ लाख प्रजाती?

२०११ मधल्या एका अभ्यासात ८७ लाखांचा अंदाज होता हे खरं, पण त्यात जिवाणू धरलेले नव्हते आणि अंदाज १३ लाखांनी इकडेतिकडे होऊ शकतो असंही त्यातच म्हटलं होतं. इतरांचे अंदाज याहून खूप वेगळे आहेत. पारंपरिक विभागणीत तर माणसाच्याच चार लाख योनी आहेत, आणि विज्ञानाच्या दृष्टीनं आज माणसाची प्रजाती एकच आहे. या कल्पनेतलं घेण्यासारखं दुसरंच आहे: किड्यामुंगीत आणि माझ्यात एकच जीव वावरतो हा भाव. उत्क्रांतीनं दाखवलेल्या नात्याशी तो छान नांदतो.

म्हणजे हे भांडण ख्रिश्चनांचं. हिंदू धर्माला अडचण नाहीच ना?

असं म्हणून आपण स्वतःची फार सहज सुटका करून घेतो. पुराणांतली युगं शब्दशः घेतली तर त्रेतायुग, म्हणजे रामाचा काळ, संपून साडेआठ लाखांहून अधिक वर्षं झाली. आपल्या प्रजातीचे सगळ्यात जुने म्हणून ओळखले जाणारे जीवाश्म मोरोक्कोत जेबेल इर्हूडला मिळाले आहेत आणि ते सुमारे तीन लाख वर्षांचे आहेत. दोन्ही एकदम शब्दशः खरं असू शकत नाही.

दुसरी अडचण हेतूची. स्वामी विवेकानंद आणि अरविंद घोष या दोघांनीही उत्क्रांती आनंदानं स्वीकारली, पण त्यांची उत्क्रांती चेतनेची चढण आहे. आत जे दडलेलं आहे ते हळूहळू उमलतं, आणि त्याला एक दिशा आहे. डार्विन यांच्या मांडणीत अशी ठरलेली दिशा नाही. दोन्ही विचार मोठे आहेत, पण ते एकच नाहीत. श्रद्धाळू माणूस म्हणू शकतो की दिशा मला अध्यात्मातून दिसते. जीवशास्त्रानं ती सिद्ध केली, असं मात्र म्हणू शकत नाही.

त्याच वेळी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त विसरू नका. ही सृष्टी कुठून आली, हे वरच्या आकाशातल्या तिच्या अध्यक्षाला तरी माहीत असेल, किंवा नसेलही, इथवर ते सूक्त जाऊन थांबतं. एवढं धाडस ज्या परंपरेत आहे, तिनं जीवाश्मांना घाबरण्याचं कारण नाही.

ख्रिस्ती, मुस्लिम, बौद्ध, जैन यांचं काय?

कॅथलिक चर्चनं भांडण कधीच मागे टाकलं आहे. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मुभा दिली, आत्मा मात्र थेट देवाकडून येतो हे राखून. १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही, असं स्पष्ट केलं. गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिक मुलाला उत्क्रांती शिकताना चर्चची आडकाठी नाही. बायबल अक्षरशः घेणाऱ्या काही प्रोटेस्टंट पंथांचं तसं नाही. अमेरिकेत १९२५ मध्ये टेनेसीत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकांना शंभर डॉलर दंड झाला होता.

इस्लाममध्ये मतं विभागलेली आहेत. बहुतेकांची अडचण प्राण्यांच्या उत्क्रांतीशी नसून आदमच्या कथेशी असते. तुर्कस्ताननं २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून हा विषय काढला. दुसरीकडे जॉर्डनच्या राना दजानी या हिजाब घालणाऱ्या जीवशास्त्रज्ञ विद्यापीठात उत्क्रांती शिकवतात आणि तिची इस्लामशी सांगड घालतात.

बौद्ध धम्मात सृष्टिकर्त्या ईश्वराला जागाच नाही, बाबासाहेबांनी तर यावर विशेष भर दिला. जैन मतातही विश्व कुणी निर्माण केलेलं नाही. त्यामुळे ‘निर्माता की उत्क्रांती’ हा झगडा तिथे त्या रूपात उभा राहत नाही.

इतका गुंतागुंतीचा डोळा योगायोगानं कसा होईल? कुणीतरी घडवलाच असणार.

बदल आंधळेपणानं होतात, निवड आंधळी नसते. उपयोगी पडलेला लहानसा बदल पुढच्या पिढीत टिकतो, त्याच्यावर पुढचा चढतो. आणि ‘घडवलेलं’ म्हणावं तर घडणीत अशा खुणा का? क जीवनसत्त्व बनवणारं जनुक आपल्याकडे आहे, पण मोडलेलं. ते माकडांमध्येही मोडलेलंच आहे. म्हणून आपल्याला लिंबू, आवळा खावा लागतो, कुत्र्याला नाही.

विज्ञानाला जे अजून समजलं नाही तिथे देवाला बसवू नका, अशी माझी श्रद्धाळूंना कळकळीची विनंती आहे. २००५ मध्ये अमेरिकेत डोव्हर इथल्या खटल्यात जिवाणूची फिरती शेपटी इतकी गुंतागुंतीची आहे की ती कुणीतरी आखलीच असणार, असा दावा झाला. तो दावा विज्ञान नाही असा निकाल न्यायालयानं दिला, आणि त्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत केनेथ मिलर हे कॅथलिक जीवशास्त्रज्ञ होते. फटीत बसवलेला देव फट बुजली की बाहेर पडतो. माझा देव तिथे नाही.

मग दुःखाचं काय? दयाळू देव असा क्रूर मार्ग का निवडेल?

सगळ्या प्रश्नांत हा एकच मला अवघड वाटतो.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आजार घराघरांत माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढंच. आई आणि वडील दोघांकडून हा बदल आला, की बाळाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि सांधे असे दुखतात की पोर रात्रभर विव्हळतं. एकाकडूनच आला, तर बहुधा त्रास होत नाही, उलट जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. म्हणजे ज्या बदलानं जंगलपट्ट्यातल्या पिढ्यान्‌पिढ्या मलेरियातून तारल्या, तोच काही लेकरांचं आयुष्य कुरतडतो. नैसर्गिक निवड अशी चालते. तिला कुणाचं वाईट करायचं नसतं आणि भलंही करायचं नसतं.

डार्विन यांनाही हेच सलत होतं. जिवंत अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीबद्दल त्यांनी १८६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलं, की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं हे मुद्दाम घडवलं असेल हे माझ्या मनाला पटत नाही. ग्रे स्वतः श्रद्धाळू होते आणि शेवटपर्यंत डार्विन यांचे समर्थक राहिले. त्याआधी १८५१ मध्ये डार्विन यांची दहा वर्षांची लेक ॲनी गेली होती.

श्रद्धेकडून याला वेगवेगळी उत्तरं दिली गेली. काहींच्या मते देवानं सृष्टीला स्वतःच्या नियमांनी घडण्याची मोकळीक दिली, आणि दुःख ही त्या मोकळिकीची किंमत. काहींच्या मते देव दुःख देणारा नाही, दुःखात सोबत असणारा आहे. संतांचा विठ्ठल मला या दुसऱ्या उत्तराच्या जवळचा वाटतो. पूर्ण समाधान यातलं कुठलंच करत नाही.

एका उत्तराला मात्र माझा ठाम विरोध आहे: ‘मागच्या जन्मीचं पाप’. सिकलसेलच्या बाळाच्या आईला हे ऐकवणारे लोक आजही भेटतात. तिनं काहीही केलेलं नाही. तिच्या आणि नवऱ्याच्या रक्तात हजारो वर्षांपूर्वी मलेरियातून वाचवणारं एक जनुक आलं आणि ते बाळात एकत्र आलं. आरोग्य विभागाचं पिवळं कार्ड वाहकाला मिळतं आणि लाल कार्ड रुग्णाला. दोन पिवळ्या कार्डांचं लग्न ठरत असेल तर आधी बोलून घ्या, असं जे समुपदेशनात सांगतात, त्यात त्या आईवरची जास्त दया आहे.

आपणही प्राणीच, तर मग नीती कशाला? बळी तो कान पिळी!

निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून ती आपण करावी, असं होत नाही. निसर्गात कॉलराही आहे. ‘जो सर्वांत लायक तो टिकतो’ हा शब्दप्रयोगही मुळात डार्विन यांचा नाही, हर्बर्ट स्पेन्सर यांचा आहे. त्याचा वापर करून गरिबांना, वसाहतींतल्या लोकांना हीन ठरवलं गेलं, ते विज्ञान नव्हतं. शिवाय सहकार्य, आईपण, टोळीतल्या दुबळ्याला सांभाळणं हेही उत्क्रांतीतूनच आलेलं आहे.

मुलांच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली आहे, हे खरं का?

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा धडा होता, त्यातला उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी खुल्या पत्रातून निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे. पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणारी मुलं कितीतरी असतात, त्यांना तो शाळेत भेटणारच नाही. आपल्या घरात तरी ही कसर भरून काढा.

मुलगी विचारते, ‘बाबा, गणपती खरा की डार्विन?’ काय सांगू?

तिला गप्प करू नका, आणि घाईनं दोन्हींची मोट बांधूही नका. चवथीला आरती करा, आणि सुट्टीत तिला घाटातले लाव्हाचे थर दाखवा. आरतीत आपण जे मागतो ते दगडांत शोधायचं नाही, आणि दगडांचं वय आरतीत शोधायचं नाही, एवढं सांगितलं तरी दहा वर्षांच्या मुलीला पुरतं. पुढे ती मोठी होऊन यातलं एक सोडेल, अशी भीती वाटते का? सोडूही शकते. तो तिचा हक्क आहे.

ज्यांना हे जमतच नाही त्यांचं काय?

काहींना खरंच जमत नाही, आणि त्यांना मी कमी लेखत नाही. गोपाळ गणेश आगरकर यांनी मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांना वाचून ईश्वराबद्दलच्या रूढ कल्पना बाजूला ठेवल्या आणि १८८८ पासून ‘सुधारक’मधून स्पष्टपणे लिहिलं. जवळच्या लोकांचा रोष पत्करला, पण नीती सोडली नाही. उलट दिशेनं, ग्रंथातला प्रत्येक शब्द इतिहास म्हणून खराच मानायचा असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांचाही समेट होणार नाही. त्यांच्याशी मी प्रेमानं बोलतो, पण पुरावा बदलून देऊ शकत नाही.

डार्विन मरताना पश्चात्ताप करून देवाला शरण गेले होते ना?

नाही. लेडी होप नावाच्या बाईंची ही गोष्ट १९१५ मध्ये अमेरिकेत छापून आली. डार्विन यांच्या कन्या हेन्रिएटा शेवटच्या आजारपणात त्यांच्याजवळ होत्या, आणि त्यांनी १९२२ मध्ये ती साफ नाकारली. डार्विन यांनी १८७९ मध्ये जॉन फोर्डाइस यांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. माणूस एकाच वेळी निस्सीम आस्तिक आणि उत्क्रांतिवादी असू शकतो, यात शंका घेणंच मला चमत्कारिक वाटतं, असं त्यांनी त्यात लिहिलं आहे. स्वतःबद्दल मात्र, मनाची अवस्था बदलत राहते, पण मी नास्तिक कधीच नव्हतो, अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा) म्हणणं जास्त बरोबर ठरेल, असं त्यांनी कळवलं.